‘पण’च्या पुढे काय लिहायचे?

सानपाड्यातून रोज कचेऱ्यांत जाणाऱ्या अनेकजणींना तक्रारही इंग्रजीत लिहावी लागते. अशा वेळी ‘बट’ आणि ‘ऑल्दो’ हा नुसता व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो. त्या सवयीने आपण ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ही लिहितो, इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो. हा नियम वर्गात शिकवतात. वजन कुठे पडते, ते मात्र सांगत नाहीत.

आपल्या व्याकरणात ‘पण’ला न्यूनत्वबोधक अव्यय म्हणतात. तो आधीच्या वाक्यात उणेपणा दाखवतो. ‘तिने तक्रार केली, पण तो कामात चोख आहे.’ इथे तक्रार उणी ठरली. ‘तो कामात चोख आहे, पण तिने तक्रार केली.’ माहिती तीच, इथे तक्रार ठळक झाली. ‘बट’चेही तसेच. ‘ऑल्दो’ ज्या वाक्याला लागतो ते गौण होते. म्हणून साहेबाचे गुण तिथे आणि आपल्यावरचा अन्याय प्रधान वाक्यात हवा.

वाचतानाही हे भान हवे. कायद्यातल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या भागाला परंतुक म्हणतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात, कलम ९ प्रमाणे, तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. पुष्कळजणी तिथेच थांबतात. पुढची परंतुके सांगतात की, बाईला लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची. आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

संघटनांच्या इंग्रजी वर्गांत अभिवादनाच्या वाक्यांआधी हे शिकवले पाहिजे.