ग्रॅपल केवढा घ्यावा?

आमच्या भाऊजींनी पेनसिल्व्हेनियात पाच एकर जागा घेतली, त्यावर २५ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टरही. आता पुढच्या लोडरला ग्रॅपल हवाय. (ग्रॅपल म्हणजे लोखंडी पंजा. खाली काटे, वर हायड्रॉलिकने उघडमीट करणारा जबडा. ओंडके, फांद्या धरून उचलायच्या.) भाऊजी म्हणतात, "घ्यायचाच तर ७२ इंची घेऊ, एकदाच काय ते." माझं मत अगदी उलटं. ४८ इंची घ्या.

'थोडा मोठाच घे, पुढे होईल' ही आपली शाळेच्या गणवेशापासूनची सवय. पण मूल वाढतं, ट्रॅक्टर वाढत नाही!

हिशेब साधा आहे. समजा लोडर १००० पौंड उचलतो. ग्रॅपलचं स्वतःचं वजन त्यातूनच जातं. ३०० पौंडांचा लावला तर उरले ७००, ५०० चा लावला तर ५००. शिवाय ही क्षमता बरेचदा लोडरच्या पिनांपाशी मोजलेली असते. ओझं त्याच्याही पुढे असतं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी कमी. आता दीड फूट व्यासाचा, आठ फुटी ओला ओकचा ओंडका घ्या. तोच साडेआठशे-नऊशे पौंड भरतो. म्हणजे लहान ग्रॅपलनेसुद्धा तो कापूनच उचलायचा.

मग जास्त रुंदी कशासाठी? बकेट टायरांइतकी रुंद हवी, हे खरं. चाकांपुढची माती तिलाच ओढायची असते. ओंडका मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर आला तरी बिघडत नाही. उलट अरुंद पंजा झाडांमधून सहज शिरतो. रुंद पंजाचं टोक बुंध्यात अडकलं, की लोडरच्या हातांना पीळ बसतो.

खरी भीती उलटण्याची. पुढे जड ओझं, मागची चाकं हलकी, त्यात उतार... वाचलेल्या पैशात मागे लावायला बॅलास्टचं वजन घ्या. ग्रॅपलसाठी जादा हायड्रॉलिक व्हॉल्व्हही लागेल, त्याचा खर्च धरा. ओझं जमिनीलगत ठेवून चालवा, डोक्यामागची संरक्षक कमान उभी ठेवा आणि पट्टा लावा.

७२ इंची पंजा फोटोत रुबाबदार दिसेल, कबूल. पण भाऊजी, ताईला तुम्ही धडधाकट हवे आहात.

असो. आधी मॅन्युअलमधला लोडरचा आकडा बघा, मग ऑर्डर द्या.