कोऱ्या कागदावरचा अंगठा

सीमाभागातल्या माणसाला सहीची धास्ती लहानपणापासूनच असते. कन्नडातला कागद समोर आला की, 'आधी कुणाकडून तरी वाचून घे, मग सही कर,' असं आमचे वडील बजावत. मराठीतून परिपत्रकं मिळावीत म्हणून आम्ही बेळगावात मोर्चे काढले. आणि त्याच आमच्या घरांत आता दिवसातून दहादा, न वाचता, अंगठा उठवला जातो!

माझ्याच घरातली गोष्ट. निपाणीजवळच्या आमच्या जमिनीचा पहाणी उतारा 'भूमी'च्या संकेतस्थळावर कन्नडात. तो समजावा म्हणून पुतण्यानं भाषांतराचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, संगणकात घातलं. इंग्रजीत विचारणा आली : सर्व संकेतस्थळांवरची तुमची सर्व माहिती वाचू आणि बदलू द्याल का? त्यानं 'हो' केलं. उताऱ्याचं काम संपलं. एक्स्टेन्शन तसंच राहिलं. त्याच ब्राउझरवर मी बँकेचं खातं पाहत होतो, बायकोचे तपासणीचे रिपोर्ट उघडत होतो, मुलीच्या स्थळांना पत्रं लिहीत होतो. त्यानं ते वाचलंच असेल असं नाही; पण वाचायची मुभा होती, आणि ती आम्हीच दिली होती. उताऱ्यापुरत्या बोलावलेल्या दुभाष्याला घरातली सगळी कपाटं उघडी!

'आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' असं म्हणणारे भेटतात. त्यांनी अव्हास्ट कंपनीचं प्रकरण ध्यानात घ्यावं. पाळतीपासून बचाव होईल म्हणून लोकांनी तिची एक्स्टेन्शनं घेतली. त्यांतूनच लोक काय पाहतात याची माहिती गोळा झाली आणि २०१४ ते २०२० या काळात शंभराहून अधिक कंपन्यांना विकली गेली. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला होता. मालाचा भाव मागणारी आपण माणसं. हा माल मात्र फुकट देतो.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती सोप्या भाषेत मागावी, आणि इंग्रजीखेरीज आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ती वाचायची सोय द्यावी, असं त्यात आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे, कन्नडही आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची.

पण मराठीत विचारलं की आपण खूश, एवढ्यावर थांबू नका. घराची किल्ली शुद्ध मराठीत मागितली म्हणून काय देऊन टाकायची? कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हेही त्याच कायद्यात आहे. भाषेसाठी भांडलो, तसं या 'तेवढीच'साठीही भांडायला हवं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनला 'क्लिक केल्यावरच' किंवा ठरावीक संकेतस्थळांपुरतीच मुभा देता येते. आज घरी गेल्यावर एवढं तरी पाहा.

आमचं एक्स्टेन्शन मी पुतण्याकडून काढून टाकवलं. उतारा आता शेजारच्या कन्नड मास्तरांना दाखवतो. ते उतारा वाचून सांगतात, चहा घेतात आणि आपल्या घरी जातात.