आधीं आराखडा, मग मोटार

प्रवासाचा बेत आगाऊ ठरविला म्हणजे त्यांतील गोडी जाते, असें पुष्कळांचें मत आहे. मोटार काढावी आणि मन नेईल तिकडे जावें, हाच खरा आनंद, असें ते म्हणतात. जेथें कोसाकोसावर गांव आहे, तेथें हें मत कदाचित् खपून जाईल. परंतु जेथें मनुष्यवस्तीच नाहीं, तेथें तें घातक आहे. इतकेंच नव्हे, तर त्या भूमीवर अन्याय करणारेंहि आहे. उदाहरणार्थ, आइसलँड देशाचा अंतर्भाग पाहूं.

हें बेट ज्वालामुखींनीं घडविलेलें आहे. बेटाला वळसा घालणारा सुमारें १,३२० किलोमीटर लांबीचा रस्ता १९७४ सालीं पुरा झाला. त्यावरून जाणें त्या मानानें सोपें आहे. परंतु मधल्या उंच प्रदेशांत गांवें नाहींत. तेथील डोंगरी वाटांच्या क्रमांकापूर्वीं ‘एफ’ हें अक्षर असतें, आणि त्यांवर चारहि चाकांना जोर मिळणारीच मोटार नेण्याची परवानगी आहे. हिंवाळ्यांत या वाटा बर्फाखालीं जातात. बर्फ वितळून जमीन सुकल्यावर, बहुधा जून-जुलै महिन्यांत, त्या खुल्या होतात. कित्येक नद्यांवर पूल नाहीं. हिमनदींतून निघालेल्या प्रवाहाला सकाळीं पाणी कमी असतें; पुढें उन्हानें बर्फ वितळूं लागलें म्हणजे दुपारनंतर तें चढतें. म्हणून सकाळीं ओलांडलेली नदी संध्याकाळीं पुन्हां ओलांडतां येईलच असें नाहीं.

यावरून काय निष्पन्न होतें? अशा देशांत वेळापत्रक भूमीनेंच करून ठेविलेलें असतें. आपण तें नीट वाचावयाचें. कोणती वाट आज खुली आहे, परतीपुरतें पेट्रोल आहे कीं नाहीं, आपण कोठें चाललों हें मागें कोणाला ठाऊक आहे काय, या प्रश्नांचीं उत्तरें निघण्यापूर्वींच मिळालीं पाहिजेत. शिवाय एक दिवस माघारीसाठीं राखून ठेविला पाहिजे. ज्याच्या बेतांत माघारीला जागा नाहीं, तोच पाणी चढलेलें दिसत असूनहि नदींत मोटार घालतो.

हें झालें आपल्या जिवाविषयीं. आतां भूमीविषयीं. त्या देशाच्या दक्षिण भागांत लाकी येथें ८ जून १७८३ रोजीं जमीन फाटली आणि तो उद्रेक आठ महिने चालला. विषारी वायूंनीं कुरणें नासलीं, निम्म्याहून अधिक जनावरें मेलीं, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळांत देशांतील सुमारें एक पंचमांश लोक मृत्युमुखीं पडले. त्या वेळीं निर्माण झालेल्या शंभरांहून अधिक विवरांच्या रांगेवर आज करड्या-हिरव्या शेवाळाचा मऊ थर आहे. त्यावरून मोटारीचें एक चाक गेलें, तर पडलेला चर अनेक दशकें बुजत नाहीं. म्हणूनच वाट सोडून मोटार हांकणें हा तेथें कायद्यानें गुन्हा आहे. ही वाट सोडण्यास मनुष्य दुष्टच असावा लागतो असें नाहीं. ज्याला उशीर झाला आहे, ज्याला चिखल चुकवावयाचा आहे, त्याच्याही हातून तें घडतें. आणि चांगला आराखडा नेमका या घाईलाच आळा घालतो.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण अशाच शिलारसाचा, सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींचा आहे. पालकांस माझी सूचना अशी कीं, घाटांतील पुढच्या सहलीचा बेत त्यांनीं मुलांकडूनच कागदावर करवून घ्यावा: अंतर, वेळ, पाणी, पेट्रोल आणि माघारीची घटका. विद्यार्थिमित्रहो, यांत भूगोल आहे, गणित आहे, आणि संयमाचा धडाहि आहे. ज्यानें आधीं विचार केला, त्यालाच पुढें निश्चिंत मनानें सृष्टि पाहतां येते.