निसटलेला शब्द कोणावर पडतो?

चेन्नईच्या चेपॉक मैदानावर १९ जुलै २०२१ रोजी तामिळनाडू प्रीमियर लीगच्या पाचव्या हंगामाचा पहिला सामना चालू होता. थेट समालोचनात सहभागी झालेल्या सुरेश रैना यांना सहकारी समालोचकाने विचारले की, दक्षिणेची संस्कृती तुम्ही इतकी आपलीशी कशी केलीत? रैना यांनी उत्तर दिले की, मला वाटते, मीही ब्राह्मणच आहे. चेन्नईत आपण अनेक वर्षे खेळत आलो आहोत, येथील संस्कृतीवर व सहकाऱ्यांवर आपले प्रेम आहे, असे सांगून ते पुढे बोलत राहिले. समालोचन थांबले नाही. परंतु चेन्नईच्या प्रेक्षकांनी ते वाक्य ऐकले होते आणि त्याच आठवड्यात देशभर त्यावर वादंग माजले.

रैना यांच्या बाजूने लगेच सांगण्यात आले की, त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हते, ते प्रेमाने बोलले. ते प्रेमाने बोलले हे आम्ही मान्य करतो. ज्या शहराने त्यांना ‘चिन्ना तला’, म्हणजे धाकटा नेता, अशी पदवी दिली, त्या शहराविषयीची कृतज्ञताच त्यांना व्यक्त करावयाची होती. पण नेमका येथेच विचार सुरू झाला पाहिजे. एका कृतज्ञ पाहुण्याला चेन्नईशी एकरूप होणे म्हणजे ब्राह्मण होणे असे का वाटावे? ज्या प्रांतात ब्राह्मणेतर चळवळीने व स्वाभिमान चळवळीने दोन-तीन पिढ्यांचे मन घडविले, तेथील संस्कृतीचा प्रतिनिधी म्हणून लोकसंख्येने अगदी अल्प अशी एकच जात त्यांच्या जिभेवर का यावी? ही समजूत ते घरून घेऊन आले नव्हते. क्लब, क्रिकेट संघटनेची दालने, ड्रेसिंग रूम, जाहिरातदारांच्या मेजवान्या या वर्तुळातून त्यांना जे चेन्नई दिसले, तेच त्यांनी बोलून दाखविले.

त्या वर्तुळाबाहेर दुसरे चेन्नई आहे. व्यासरपाडीच्या गल्ल्यांतून फुटबॉल आणि कॅरम खेळणाऱ्या मुलांचे ते शहर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या जागतिक कॅरम स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळविणारी एम. काझिमा ही ऑटोरिक्षाचालकाची मुलगी याच उत्तर चेन्नईची. रैना यांच्या वाक्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, २२ जुलै २०२१ रोजी, पा. रंजित यांचा ‘सारपट्टा परंपरै’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांनी जोपासलेली मुष्टियुद्धाची परंपरा त्यात आहे. एकाच आठवड्यात एकाच शहराच्या क्रीडासंस्कृतीची दोन चित्रे देशासमोर आली. त्याच २२ जुलैला रैना यांचे संघातील सहकारी रवींद्र जडेजा यांनी आपण कायमचे राजपूतच असल्याचे समाजमाध्यमावर जाहीर केले. एकाने जात प्रेमाने पांघरली, दुसऱ्याने ती अभिमानाने मिरविली.

आता दुसरे उदाहरण घेऊ. ते अधिक गंभीर आहे. एप्रिल २०२० मध्ये देशभर टाळेबंदी होती. मैदाने बंद होती, आणि घरी बसलेले खेळाडू इन्स्टाग्रामच्या थेट प्रक्षेपणावर एकमेकांशी गप्पा मारीत. अशाच एका गप्पांत युवराज सिंग यांनी रोहित शर्मांशी बोलताना युझवेंद्र चहल या खेळाडूच्या नाचाच्या चित्रफितींची थट्टा केली. ती करताना त्यांनी एका जातीचे नाव शिवीसारखे वापरले. मैला वाहण्याचे आणि गटारे उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या जिच्या माथी मारण्यात आले, त्या जातीचे ते नाव होते. तो शब्द येथे पुन्हा छापण्याचे कारण नाही. समोरच्या बाजूने त्यावर कोणताही आक्षेप आला नाही. ज्याची थट्टा झाली तो त्या जातीचा नव्हता. आणि म्हणूनच तो शब्द अधिक बोलका आहे, कारण बोलणाऱ्याच्या मनात विशिष्ट माणसाविषयी द्वेष असण्याची गरजच उरली नव्हती. हीनत्व दर्शविण्याचे नेहमीचे नाणे म्हणून तो शब्द खिशातून आपोआप बाहेर आला.

पुढचा घटनाक्रम वाचकांना आठवत असेल. हरयाणातील हांसी येथे एका दलित हक्क कार्यकर्त्याने तक्रार केली. चित्रफितीचा बोभाटा झाल्यावर ५ जून २०२० रोजी युवराज यांनी खेद व्यक्त केला. आपण कोणताही भेदभाव मानीत नाही, नकळत कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व, असा त्याचा आशय होता. गुन्हा नोंदविला गेला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना औपचारिक अटक होऊन लगेच जामिनावर सोडण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाखालील कलमे रद्द केली, परंतु अट्रॉसिटी कायद्याखालील कलम रद्द करण्यास नकार दिला. तक्रार आणि गुन्ह्याची नोंद यांत जवळजवळ आठ महिने लोटले, ही बाब लक्षात ठेवावी.

या दोन्ही प्रसंगी एकच बचाव पुढे आला. खेळाडू हे काही वक्ते नव्हेत. थेट प्रक्षेपणात शब्द निसटतात. एवढे ताणू नये. वरवर पाहता हा बचाव माणुसकीचा वाटतो. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, चोवीस तास त्याच्यावर रोखलेला कॅमेरा आणि मागे संपादक नाही, अशा स्थितीत चूक होणारच. परंतु हा बचाव खरा असता तर शब्द सर्व दिशांनी सारख्याच प्रमाणात निसटले असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

चेन्नईचेच रविचंद्रन अश्विन यांचे उदाहरण पाहा. त्यांची यूट्यूब वाहिनी लोकप्रिय आहे आणि क्रिकेटच्या तंत्राविषयी तीवर होणारी चर्चा अभ्यासपूर्ण असते. २०२५ च्या हंगामात ते स्वतः चेन्नई सुपर किंग्जकडून खेळत होते. एप्रिलमध्ये त्यांच्या वाहिनीवर एका पाहुण्या विश्लेषकाने याच संघाच्या निवडीवर टीका केली. शिवी नव्हे, जात नव्हे, केवळ एक गोलंदाज संघात हवा की नको एवढाच प्रश्न. तरीही काही दिवसांतच वाहिनीने जाहीर केले की, आपल्या बोलण्याचा काय अर्थ लावला जाईल याचे भान ठेवून, उरलेल्या हंगामात चेन्नईच्या सामन्यांवर आपण चर्चाच करणार नाही. पुढे ऑगस्टमध्ये अश्विन यांनी एका परदेशी खेळाडूच्या करारातील रकमेविषयी काही विधान केले, तेव्हा संघाच्या व्यवस्थापनाने तात्काळ खुलासा प्रसृत केला आणि अश्विन यांनीही आपल्या बोलण्याचे स्पष्टीकरण दिले. मालकाच्या तिजोरीला शब्दाचा नुसता स्पर्श झाला, तर केवढी ही तत्परता!

आणखी मागे जाऊ. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर शेतकरी थंडीत बसले होते आणि परदेशातील कलावंतांनी त्यांच्याविषयी चार शब्द लिहिले. त्यावर आपल्या अनेक आघाडीच्या क्रिकेटपटूंनी जवळजवळ एकाच साच्यातील संदेश, सरकारी घोषवाक्यांसह, प्रसिद्ध केले. त्या संदेशांत एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. म्हणजे हीच माणसे वेळप्रसंगी शब्द तोलूनमापून वापरू शकतात. क्रिकेट मंडळ, संघमालक, जाहिरातदार आणि सरकार यांच्याविषयी त्यांची जीभ सहसा घसरत नाही. ती घसरते जातीवरून, स्त्रीवरून, गरिबाच्या राहणीवरून. जानेवारी २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या एका कार्यक्रमात हार्दिक पंड्या स्त्रियांविषयी जे बोलले, तेही याच जातीचे निसटणे होते.

तात्पर्य, निष्काळजीपणालाही दिशा असते. पाणी जसे उताराकडे धावते, तसा निसटलेला शब्द समाजाच्या उतरंडीवरून खाली जातो. ज्याच्याकडून दंड होण्याचे भय आहे त्याच्याबाबत माणूस सावध असतो. ज्याच्याकडून भय नाही त्याच्याबाबत तो मोकळा होतो. त्या मोकळेपणालाच आपण ‘सहज बोलून गेला’ असे म्हणतो.

हा शब्द ज्यांच्यावर पडतो, ती माणसे कोण? ऑगस्ट २०२५ मध्ये चेन्नई महापालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर सफाई कामगारांनी ठाण मांडले होते. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. रॉयपुरम व तिरु वि. क. नगर या विभागांतील सफाईचे काम खाजगी कंत्राटदाराकडे देऊ नये आणि आपली नोकरी व मजुरी सुरक्षित राहावी, ही त्यांची मागणी होती. तेरा दिवसांनंतर मध्यरात्रीच्या सुमारास पोलिसांनी त्यांना तेथून हटविले. टाळेबंदीच्या ज्या आठवड्यांत इन्स्टाग्रामवर ती थट्टा रंगली, त्याच आठवड्यांत हे कामगार या शहराचे रस्ते झाडीत होते, आणि त्यांच्यासारख्यांसाठीच देशाने थाळ्या वाजविल्या होत्या. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या केंद्र सरकारच्या यादीत तामिळनाडूचा आकडा वर्षानुवर्षे सर्वांत मोठा राहिला. ज्याच्या कामाला प्रतिष्ठा नाही, मजुरीला हमी नाही आणि मरणाची चाड नाही, त्याच्या जातीचे नाव थट्टेसाठी फुकट उपलब्ध असते. शब्द स्वस्त झाला, कारण श्रम स्वस्त ठेवलेला आहे.

क्रिकेट आणि जात यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या हिंदू क्लबातून खेळताना पळवणकर बाळू यांनी चेंडू टाकावा, बळी घ्यावेत, पण चहाच्या वेळी मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा प्यावा, अशी व्यवस्था होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी मिळविले, तरी त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही मोठ्या झगड्यानंतर. मातीचे भांडे गेले, तिरस्कार शब्दांत राहिला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला, तेव्हा वंदना कटारिया यांच्या हरिद्वारजवळील घरासमोर फटाके उडवून जातिवाचक शिवीगाळ करण्यात आली. चारच दिवसांपूर्वी त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. घरासमोर ओरडणाऱ्यांनी ते शब्द एका दिवसात शिकले नव्हते. मोठ्यांच्या थट्टेत जो शब्द हसण्यावारी जातो, तोच गल्लीत दगडासारखा फेकला जातो.

मग उपाय कोणता? काही जण म्हणतील, खेळाडूंना गप्प बसवा, करारात कलमे घाला. या उपायापासून आपण सावध राहिले पाहिजे. हे कलम जातिवाचक थट्टेविरुद्ध क्वचितच वापरले जाईल. ते पहिल्यांदा वापरले जाईल मालकावर टीका करणाऱ्याविरुद्ध. शिवाय वाद झाला म्हणून बोलणे चुकीचे ठरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अश्विन यांनी एका महाविद्यालयीन समारंभात हिंदी ही राष्ट्रभाषा नसून राजभाषा आहे असे सांगितले, तेव्हाही गदारोळ झाला. पण ते राज्यघटनेला धरून केलेले विधान होते, आणि कॅमेऱ्यासमोर असे विधान करणारा खेळाडू आपल्याला हवा आहे. कोणते बोलणे वरच्याला खुपते आणि कोणते खालच्याला चिरडते, हा भेद करता आला पाहिजे. ‘वादग्रस्त’ हा वृत्तपत्री शब्द नेमका हाच भेद पुसून टाकतो.

कायद्याचा मार्ग आहे, आणि हांसीच्या तक्रारदाराने तो धैर्याने वापरला. परंतु न्यायालय शब्द उच्चारल्यानंतर येते. उच्चारण्यापूर्वी आणि उच्चारता क्षणी जे करावयाचे, ते समाजाचे काम आहे. त्या एप्रिलमध्ये समोरच्या खेळाडूने ‘हा शब्द नको’ एवढे म्हटले असते, तर लाखो तरुणांना जो धडा मिळाला असता तो कोणत्याही खटल्याने मिळणार नाही.

आणि हा धडा केवळ नामवंतांसाठी नाही. ठाणे-रायगडपासून आपल्या अनेक वस्त्यांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा भरतात. त्यांचे समालोचन पूर्वी ध्वनिवर्धकावरून होई, आता यूट्यूबवरून थेट दाखविले जाते. समालोचक हजरजबाबी असतो, लोक हसावेत म्हणून तो बोलतो, आणि आडनावावरून, रंगावरून, कामावरून कोटी करणे सर्वांत सोपे असते. अशा ठिकाणी आपले सभासद संयोजक असतात, पंच असतात, प्रेक्षकही असतात. तेथे आपण हसतो की थांबवितो, हा प्रश्न चेपॉकच्या समालोचनकक्षाइतकाच महत्त्वाचा आहे. तेथे तो शब्द कानी आला, तर सामना संपण्याची वाट न पाहता, समालोचकाजवळ जाऊन, ध्वनिवर्धक चालू असतानाच त्याला सांगितले पाहिजे की, हा शब्द येथे चालणार नाही. तेवढ्याने जात मोडणार नाही, हे आपण जाणतो. परंतु ज्याला आजवर कोणाचेच भय नव्हते, त्या शब्दाला त्या मैदानापुरता तरी पहिला अटकाव होईल.