राजाबाईंचे घड्याळ

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पांढरकवड्याच्या बाजारपेठेत घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. कापसाचा हंगाम सरलेला असतो, जिनिंगची यंत्रे थंडावलेली असतात आणि दुकानाच्या गादीवरून चार दिवस उठता येते. अशाच एका कापूस व्यापाऱ्याच्या घरातील दादाजी आपल्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस निघाले.

घरचा हंगाम मात्र सरला नव्हता. नातवाच्या वडिलांनी भाव वाढेल या आशेने रुईच्या गाठी गोदामात राखून ठेवल्या होत्या. गाठी बँकेकडे तारण होत्या. भाव जागचा हलत नव्हता आणि व्याज रविवारीही थांबत नव्हते. या एका विषयावरून बाप-लेकांत दोन महिने सरळ बोलणे झाले नव्हते. मुले अशा गोष्टी विचारत नाहीत. परंतु ऐकत असतात.

नातवाच्या यादीत गेटवे ऑफ इंडिया होते, राणीच्या बागेतील पेंग्विन होते. दादाजींच्या यादीत एकच नाव होते : राजाबाई टॉवर. पहिल्या दोन दिवसांत नातवाची यादी पूर्ण झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघे मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसरापाशी पोहोचले. ८५ मीटर, म्हणजे सुमारे २८० फूट उंचीचा तो दगडी मनोरा पाहून मुलाचा पहिला प्रश्न होता, "वर कधी जायचं?" मनोऱ्यावर अभ्यागतांना जाऊ देत नाहीत, असे पहारेकऱ्याने सांगताच त्याचा चेहरा पडला. गेटवेवरही चढता आले नव्हते, येथेही तेच.

ऊन उतरल्यावर दादाजी त्याला समोरच्या ओव्हल मैदानाच्या कडेला घेऊन बसले. "वर जाता येत नाही, हे खरं. पण हा मनोरा कोणाच्या पैशानं उभा राहिला, ठाऊक आहे? आपल्यासारख्याच एका जैन कापूस व्यापाऱ्याच्या."

प्रेमचंद रायचंद हे मूळचे सुरतेचे. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे मुंबईतील पहिले देशी शेअर दलाल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

त्या पुराला वाट हवी होती. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या धडाधड निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेने शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली आणि त्या कर्जाच्या पैशातून पुन्हा शेअरच घेतले गेले. कर्जाने ज्याची किंमत फुगली, तोच कागद कर्जाला तारण झाला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदच होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी देण्याघेण्याची साखळीच तुटली. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदांचीही बुडाली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

"मग हा टॉवर?" नातवाने विचारले. "पैसेच संपले होते ना?"

प्रश्न नेमका होता. प्रेमचंदांनी १८६४ मध्येच, भरभराटीच्या दिवसांत, मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये देऊ केले होते. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढी एकच इच्छा होती. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १८७८ मध्ये पूर्ण झाले. पायाचा दगड बसला, तेव्हा दात्याची पेढी बुडून चार वर्षे होत होती. जे स्वतःजवळ ठेवले ते गेले. जे दिले तेवढे उभे राहिले.

"आईचंच नाव का?"

"सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. दिवस किती उरला, ते घड्याळाच्या ठोक्यांवरून कळावं, म्हणून मुलानं हे केलं, अशी कथा आहे."

कथा शब्दशः खरी असो वा नसो, नातवाने मनगटावरील घड्याळ पाहिले. मनोऱ्यावर सहाचे ठोके पडले. दादाजींनी डबा उघडला. थेपले, मेथीची चटणी आणि गुळाचा खडा असे जेवण त्या दोघांनी ओव्हलच्या कडेला, उजेड असतानाच आटोपले. घरी ‘लवकर जेवा’ म्हणून रोज हाका माराव्या लागणाऱ्या मुलाने त्या दिवशी स्वतःहून पाण्याची बाटली बंद केली.

प्रेमचंद त्या पडझडीनंतर शहर सोडून गेले नाहीत. १८७५ मध्ये दलालांची जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. कोलकाता विद्यापीठात त्यांच्या देणगीतून सुरू झालेली त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही विद्वानांत मानाची ठरली. ओव्हल परिसरातील या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

पांढरकवड्यास परतल्यावर नातवाने सगळी हकिकत वडिलांना सांगितली. पेंग्विन एका वाक्यात संपले. मनोरा बराच वेळ चालला. मग त्याने सहज विचारले, "पप्पा, गोदामातल्या गाठी आपल्या आहेत की बँकेच्या?"

कोणी काही बोलले नाही. दादाजींनी ताटावरून नजर उचलली नाही. रात्री उशिरापर्यंत मुलाच्या खोलीत दिवा होता. सकाळी तो वडिलांच्या समोर येऊन बसला आणि वही उघडून म्हणाला, "बाबूजी, निम्म्या गाठी काढतो. कर्ज निम्म्यावर येईल. उरलेल्या राखू का?" दादाजी म्हणाले, "राख. व्यापार आहे, धाडस लागतंच. किती राखायचं, ते आधी लिहून ठेव, म्हणजे झालं."

पुढे भाव चढला की उतरला, हा वेगळा हिशेब आहे. परिग्रह-परिमाण हे व्रत आपण प्रवचनात ऐकतो. गोदामाच्या चावीशी त्याचा संबंध क्वचितच जोडतो. दोन महिने अडलेले बोलणे त्या घरात पुन्हा सुरू झाले, याचे निमित्त मात्र एका मुलाचा प्रश्न होता. सुट्टीत मुलांना मुंबई दाखवणाऱ्यांनी गेटवे अवश्य दाखवावे. तेथून थोडे चालून ओव्हलवरही जावे आणि सहाचे ठोके ऐकावेत. सोबत डबा असू द्यावा.