हॅलो, आवाज येतोय का?

ऑफिसात फोन घ्यायचा म्हणजे पूर्वी एकच टेन्शन असायचं, लाइन कधी मिळणार? आता नेटवर चालणारा फोन एका दिवसात लागतो. दिसायला सॉलिड, बिल कमी, एक्स्टेन्शन हवी तेवढी. फक्त पलीकडचा माणूस ऐकू येईल की नाही, हे नंतर कळतं!

माझ्या एका मैत्रिणीचं अंधेरीत छोटं ट्रॅव्हल ऑफिस आहे. आठ जणांचा स्टाफ. असा फोन बसवला आणि पंधरवड्यात रिसेप्शनवरच्या मुलीबद्दल तक्रारी सुरू. 'मी बोलतोय तरी ती नुसतं हॅलो हॅलो करते आणि फोन आपटते.' मुलगी रडकुंडीला आलेली. 'मॅडम, मला पलीकडून काही ऐकूच येत नाही हो!' मॅडम तिला काढायच्या विचारात होत्या. मी म्हटलं, थांब. कस्टमर खरं बोलतोय आणि ही पोरगीसुद्धा.

फंडा असा आहे. या फोनमध्ये घंटी वाजवणारा निरोप आणि आपला आवाज वेगवेगळ्या वाटांनी येतात. घंटी वाजली म्हणजे आवाजही पोचेल, याची गॅरंटी नाही. ऑफिसातल्या सगळ्या मशिन्स एका राउटरच्या आड असतात. बाहेरून येणारा आवाज नेमका कोणत्या फोनकडे न्यायचा, यात राउटरचा गोंधळ होतो. त्यातून बऱ्याच राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची सोय असते. ती मदत करायला जाते आणि पत्ताच बिघडवते. मैत्रिणीच्या माणसाने ती बंद केली, फोन रीस्टार्ट केले आणि मुलीला पलीकडचं ऐकू यायला लागलं. नोकरी वाचली, हे सांगायला नकोच.

तेव्हा माणसाला झापण्याआधी आजाराची लक्षणं बघा. कॉल दर वेळी बत्तीसएक सेकंदांनीच कटतो? तो योगायोग नाही. फोन उचलल्याची पोच परत पोचत नाही, म्हणून सिस्टीम वाट बघून कॉल सोडून देते. इथेही आधी राउटरच तपासा. आवाज तुटक, रोबोटसारखा येतो आणि तोही कामाच्या गर्दीतच? मग नेट अपुरं पडतंय. नेहमीच्या दर्जाच्या एका कॉलला दोन्ही दिशांना साधारण ८० ते ९० केबीपीएस लागतात, म्हणजे फार नाही. पण कोणी टूरचे फोटो अपलोड करायला घेतले, की आवाज रांगेत अडकतो. राउटरमध्ये आवाजाला पहिला नंबर द्या आणि डेस्कवरचा फोन वायफायऐवजी वायरने जोडा. दोघं सारखे एकमेकांचं बोलणं तोडतायत? उशीर वाढलाय. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर सहसा जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं माप आहे.

आता नवीन सिस्टीम निवडणाऱ्यांसाठी. सेल्सवाल्याच्या एसी रूममधला डेमो बघून भुलू नका, तिथे नेटवर तो एकटाच असतो. आपल्या ऑफिसात आठवडाभर ट्रायल मागा. जवळ वही ठेवा. बिघडलेल्या प्रत्येक कॉलची वेळ, कोणाला ऐकू आलं नाही आणि कितव्या सेकंदाला कटला, एवढंच लिहा. 'फोन नीट चालत नाही' म्हटलं की कस्टमर केअरवाला राउटर बंद-चालू करायला सांगतो. वही दाखवली की बोलणं मुद्द्यावर येतं.

आणखी दोन प्रश्न विचाराच. पहिला, लाइट गेली तर? जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, म्हणून ती अंधारातही वाजायची. इथे राउटर आणि फोन दोघांनाही यूपीएस हवा. शिवाय नेट पडलं की कॉल आपोआप मोबाइलवर वळायला हवा. दुसरा, परवाना कोणाचा? नेटवरून साध्या फोनवर कॉल देण्याची वाट आपल्याकडे २०१८ साली दूरसंचार विभागाने मोकळी केली, पण ती परवानाधारक कंपन्यांनाच. स्वस्तात देणाऱ्याला हे स्पष्ट विचारायला लाजू नका.

आणि हो, ट्रायल लावायला माणूस येतो म्हणाला, तर त्याला सोमवारी सकाळी अकरा वाजता बोलवा. 'रविवारी आलो तर चालेल का?' असं त्याने विचारलं, की काय ते समजून जा!