सिस्टरची वही

गेल्या महिन्यात आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. इथेच इंदूरच्या एका रुग्णालयात ती नर्स आहे. रात्रपाळी संपवून सरळ शाळेत आली होती. बोलता बोलता तिने पर्समधून एक छोटी वही काढली. ड्यूटीवर जे अडते ते ती त्यात टिपते आणि मग पुस्तकात पाहून किंवा वरिष्ठ सिस्टरांना, डॉक्टरांना विचारून खाली उत्तर लिहिते.

एका पानावर इन्सुलिनची नोंद होती. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत मिळते. सिरिंजही दोन : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये तिच्या खुणेप्रमाणे भरले, तर रोग्याला अडीचपट मात्रा जाते. साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. हे नीट समजून घेतल्यावर तिने वॉर्डातल्या नव्या मुलींनाही दोन्ही सिरिंज शेजारी ठेवून दाखवल्या.

डिप्लोमा हातात आला म्हणजे शिक्षण संपले, असे मानणाऱ्यांनी ही वही पाहावी. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची अट घातली, हे योग्यच झाले. पण तास भरणे वेगळे आणि शिकणे वेगळे. व्याख्यानाला मागच्या बाकावर बसून सही करून येता येते. आपल्याला काय येत नाही हे ओळखणे, ते शोधणे आणि आता आले की नाही हे स्वतःच तपासणे, याला स्वयं-अध्ययन म्हणतात. ते सहीने होत नाही.

मात्र सारा भार नर्सच्याच डोक्यावर टाकणे आम्हाला मान्य नाही. रात्री जागून आलेली बाई घरी स्वयंपाक करणार, मुलांचा अभ्यास घेणार आणि मग स्वतः वाचणार कधी? रुग्णालयाने ड्यूटीतच अभ्यासाला वेळ द्यावा. घरच्यांनीही कामे वाटून घ्यावीत.

आणि शाळेने? आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. नोकरी लागल्यावर इंग्रजी पुस्तके शब्दकोश उघडून वाचली. एकट्याने वाचताना किती अडते, हे आम्ही जाणतो. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, शाळेचे वाचनालय रविवारी सकाळी माजी विद्यार्थ्यांसाठी उघडे ठेवावे. किल्ली घेऊन बसायची जबाबदारी आमची.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही अशी एक वही करा. रोज एक प्रश्न लिहा आणि उत्तर स्वतः शोधा. प्रश्न विचारणाऱ्याला 'एवढेही येत नाही?' असे कुणी म्हणू नये, शिक्षकांनी तर नाहीच. विचारायची लाज शाळेत बसली, तर पुढे वॉर्डात तिची किंमत रोग्याला मोजावी लागते.